लॅब्राडॉरच्या गुडघ्यातील अस्थिबंध तुटल्याचे निदान: हाड कापण्याची शस्त्रक्रिया खरोखर आवश्यक आहे का?

प्रश्नकर्ता: गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार. आमच्याकडे सात वर्षांची लॅब्राडॉर मादी आहे. तिचे वजन ३८ किलो आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीपासून ती मागच्या उजव्या पायाने लंगडते आहे. ती कुठे पडल्याचे किंवा तिला गाडीचा धक्का लागल्याचे आमच्या पाहण्यात नाही. झोपून उठल्यावर लंगडणे जास्त दिसते, चार पावले चालल्यावर कमी होते आणि संध्याकाळी फिरून आल्यावर पुन्हा वाढते. बसताना उजवा पाय अंगाखाली घेत नाही, बाजूला पसरून ठेवते.

आधी ज्या डॉक्टरांना दाखवले, त्यांनी खुब्याचा दोष असल्याचे सांगून स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले. त्याने पंधरवडाभर इतका फरक पडला की ती पुन्हा सोफ्यावर उड्या मारू लागली, आणि त्यानंतर मात्र पाय टेकवणेच जवळजवळ बंद झाले. दुसऱ्या डॉक्टरांनी गुडघा हाताने तपासला, एक्स-रे काढला आणि ‘पुढचा क्रूशिएट लिगामेंट (गुडघ्यातला अस्थिबंध) तुटला आहे, टीपीएलओ (नडगीचे हाड कापून फिरवण्याची शस्त्रक्रिया) करून घ्या’ असे सांगून पुण्याला जाण्याचा सल्ला दिला आहे.

माझ्या शंका अशा. एक्स-रेच्या अहवालात लिगामेंटचा उल्लेखच नाही, फक्त सांध्यात सूज असल्याचे लिहिले आहे. मग निदान कशाच्या आधारे झाले, आणि एमआरआय करावा लागेल का? तुटला आहे तो अस्थिबंध, मग धडधाकट हाड कापून फिरवण्याचे कारण काय? तो शिवता किंवा माणसांप्रमाणे नवा बसवता येत नाही का? शिवाय ओळखीतले अनेक जण म्हणतात की कुत्र्यांचे असे दुखणे विश्रांतीने आपोआप बरे होते. खर्चाची तयारी आहे, परंतु विनाकारण तिला टेबलावर घ्यावे असे वाटत नाही.

प्रतिसाद: पशुशल्य

मी लहान प्राण्यांच्या हाडांच्या शस्त्रक्रिया करतो, त्यामुळे माझा कल कोणीकडे असेल हे आपण गृहीत धरूनच पुढचे वाचावे.

अपघात आठवत नाही, यात नवल काहीच नाही. फुटबॉल खेळणाऱ्या माणसाचा निरोगी अस्थिबंध एका हिसक्यात तुटतो; कुत्र्यात बहुतेक वेळा तसे घडत नाही. त्याचे तंतू कित्येक महिने थोडे थोडे विरत जातात, सांध्यात दाह सुरू होतो, कडेने हाड वाढू लागते, आणि शेवटी फरशीवर पाय घसरण्यासारखे क्षुल्लक निमित्त पुरते. लॅब्राडॉर, रॉटवायलर, न्यूफाउंडलँड या जातींत हे वारंवार दिसते, तर ग्रेहाउंडसारख्या पळणाऱ्या जातीत क्वचित, म्हणजे केवळ पळण्या-उड्या मारण्याने हे होत नाही हे उघड आहे. यातूनच एक अप्रिय गोष्ट निघते, ती आताच सांगतो: एका गुडघ्यात ही झीज झालेल्या कुत्र्यांपैकी साधारण ४० ते ६० टक्क्यांत पुढे दुसऱ्या गुडघ्याचा अस्थिबंधही जातो, आणि तो बहुधा वर्षा-दोन वर्षांत जातो.

आता निदान. हा अस्थिबंध एक्स-रेमध्ये दिसतच नाही, कारण तो हाड नसून मऊ ऊती आहे. एक्स-रेत दिसतात ते त्याच्या तुटण्याचे परिणाम: सांध्यात द्रव साठल्यामुळे पुढे ढकलली गेलेली चरबीची गादी आणि गुडघ्याच्या वाटीच्या कडेला व मांडीच्या हाडामागच्या इवल्या हाडांभोवती वाढलेली टोके. तरीही एक्स-रे टाळू नये. मोठ्या कुत्र्यांत गुडघ्याजवळ हाडाचा कर्करोग होतो आणि त्याचेही पहिले लक्षण लंगडणे हेच असते. शिवाय शस्त्रक्रियेसाठी लागणारा कोन एक्स-रेवरच मोजावा लागतो.

निदान मुख्यतः हाताने होते. कुत्र्याला कुशीवर निजवायचे. एका हाताची तर्जनी वाटीवर आणि अंगठा मांडीच्या हाडामागच्या बाहेरच्या इवल्या हाडावर ठेवायचा. दुसऱ्या हाताची तर्जनी नडगीच्या पुढच्या उंचवट्यावर आणि अंगठा बाहेरच्या बारीक हाडाच्या डोक्यामागे. मग मांडीचे हाड स्थिर धरून नडगी सरळ पुढे ढकलायची. अस्थिबंध शाबूत असेल तर ती हलत नाही, तुटला असेल तर टेबलाच्या खणासारखी पुढे सरकते. ही चाचणी पाय सरळ ठेवून आणि वाकवून अशी दोन्ही प्रकारे करावी लागते. या अस्थिबंधाचे दोन पट्टे असतात. त्यांतला पुढचा-आतला पट्टा पाय सरळ असताना व वाकवला असताना ताणलेला राहतो, मागचा-बाहेरचा फक्त सरळ असताना. त्यामुळे पुढचाच पट्टा तुटलेला असेल तर सरळ पायात काहीच सापडत नाही, वाकवल्यावर मात्र नडगी सरकते. घाबरलेली लॅब्राडॉर मांडीचे स्नायू असे आवळून धरते की पूर्ण तुटलेला अस्थिबंधही हाताला लागत नाही, म्हणून थोडी गुंगी देऊन तपासणे हे डॉक्टरांच्या अननुभवाचे लक्षण न मानता काळजीपूर्वक कामाचे मानावे. दुसरी चाचणी उभ्या स्थितीच्या कोनात गुडघा धरून मागचा घोटा वाकवण्याची आहे. तेव्हा पोटरीचा ताण नडगीला पुढे ढकलतो आणि उंचवट्यावरच्या बोटाला ते जाणवते.

आपण लिहिलेले पाय पसरून बसणे, मांडीचे स्नायू बारीक होणे आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला कठीण जाडी हाताला लागणे, ही तीनही लक्षणे जुन्या झिजेची आहेत. शेवटची दोन घरीच तपासून पाहा: ती उभी असताना मागून दोन्ही हातांनी दोन्ही मांड्या आणि दोन्ही गुडघे एकाच वेळी चाचपा. एमआरआयने अस्थिबंध दिसतो, परंतु त्यासाठी पूर्ण भूल द्यावी लागते आणि बहुतेक वेळा निर्णय बदलत नाही. तो पैसा मी शस्त्रक्रियेच्या वेळी सांधा आतून नीट पाहण्यासाठी राखून ठेवीन.

खुब्याविषयी: या जातीत खुब्याचा दोष इतका आढळतो की एक्स-रेमध्ये तो सापडला म्हणून लंगडण्याचे कारण सापडले असे होत नाही. वर्षानुवर्षे असलेला खुब्याचा दोष एका आठवड्यात पाय उचलून धरायला लावत नाही. तशा लंगडण्यात आधी गुडघा तपासावा.

हाड का कापायचे, हा आपला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. कुत्र्याच्या नडगीचा वरचा पृष्ठभाग सपाट नसून मागे उतरता असतो. हा उतार सरासरी २५ अंशांच्या आसपास भरतो. कुत्रे गुडघा वाकवूनच उभे राहते, त्यामुळे प्रत्येक पावलाला मांडीचे हाड त्या उतारावरून मागे घसरू पाहते, म्हणजेच नडगी पुढे येऊ पाहते, आणि तिला रोखण्याचे काम हा अस्थिबंध जन्मभर करतो. विरलेले तंतू शिवून टिकत नाहीत. सांध्यातल्या द्रवात, तुटपुंज्या रक्तपुरवठ्यावर ते जुळून येत नाहीत. नवा अस्थिबंध बसवण्याचा प्रयत्न जुना आहे: हेलसिंकी येथे पात्सामा यांनी १९५२ च्या प्रबंधात मांडीवरील पटलाची पट्टी सांध्यातून ओवण्याची पद्धत मांडली होती. परंतु ती पट्टीही त्याच दाहात आणि त्याच उतारावर काम करते, त्यामुळे कालांतराने सैल पडते. १९७० मध्ये डीअँजेलिस आणि लाउ यांनी सांध्याच्या बाहेरून, मागच्या इवल्या हाडापासून गुडघ्याच्या पुढच्या बाजूपर्यंत जाड धागा बांधण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ती आजही वापरात आहे. धागा काही महिन्यांत सैल होतो किंवा तुटतो. तोवर सांध्याभोवती तयार झालेला जाड तंतुमय थर भार पेलू लागतो, ही त्यामागची अपेक्षा.

अमेरिकेतील ऑरेगनचे बार्कले स्लोकम यांनी प्रश्नच निराळा विचारला: अस्थिबंधाला दरवेळी रोखावे लागते तो उतारच काढून टाकला तर? १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेली टीपीएलओ म्हणजे हेच. अर्धगोल करवतीने नडगीचा वरचा भाग कापतात, उतार साधारण ५ अंशांवर येईपर्यंत तो फिरवतात आणि प्लेट व स्क्रूने घट्ट बसवतात. उतार पूर्ण शून्य करत नाहीत, कारण तसे केल्यास मागच्या क्रूशिएट अस्थिबंधावर ताण वाढतो. अस्थिबंध तुटलेलाच राहतो. त्याची गरज मात्र उरत नाही. झुरिचमध्ये विकसित झालेली टीटीए ही दुसरी शस्त्रक्रिया वाटीखालच्या स्नायुबंधाची दिशा बदलून तोच परिणाम साधते.

आणखी एक गोष्ट शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना अवश्य विचारावी: मेनिस्कस (सांध्यातल्या दोन हाडांमधली कूर्चेची गादी) कशी पाहणार? सैल गुडघ्यात आतल्या बाजूच्या या गादीचा मागचा भाग दोन हाडांत चिरडला जातो आणि चालताना ‘कट्’ असा आवाज येऊ लागतो. ती फाटलेली असेल आणि आत न पाहता केवळ प्लेट बसवली, तर एक्स-रे सुरेख दिसतो आणि कुत्रे मात्र लंगडतच राहते.

प्रतिसाद: डोंगरवाटा

पशुशल्य यांनी सविस्तर लिहिले आहे, परंतु दुसरी बाजूही नोंदवावीशी वाटते. आमच्या नऊ किलोच्या स्पिट्झला हेच निदान झाले होते. शस्त्रक्रिया केली नाही. दीड-दोन महिने बंदिस्त जागेत ठेवला, फक्त लघवी-शीसाठी पट्ट्याने बाहेर नेला, वजन उतरवले आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी दिली. आज तो नीट चालतो. थंडीत सकाळी थोडा आखडतो, इतकेच. हाडे कापण्याची घाई होते आहे, असे माझे मत आहे.

प्रतिसाद: पशुशल्य

आपल्या स्पिट्झच्या बाबतीत मीही बहुधा हेच सुचवले असते. फरक वजनाचा आहे. शस्त्रक्रियेविना ठेवलेल्या कुत्र्यांचा वासर यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत नेहमी सांगितला जातो: १५ किलो किंवा त्याहून कमी वजनाच्या कुत्र्यांपैकी सुमारे ८६ टक्के सहा महिन्यांत सुधारले किंवा पूर्ववत चालू लागले, त्याहून जड कुत्र्यांत हे प्रमाण १९ टक्क्यांच्या आसपास होते. ३८ किलोच्या लॅब्राडॉरला नऊ किलोच्या स्पिट्झचा अनुभव लागू करता येत नाही.

मात्र उलट बाजूनेही अतिशयोक्ती नको. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लठ्ठ कुत्र्यांचे दोन गट केले होते. दोन्ही गटांचे वजन उतरवले आणि दोहोंना फिजिओथेरपी दिली, टीपीएलओ मात्र एकाच गटावर केली. वर्षअखेरीस शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७५ टक्के आणि न झालेल्यांपैकी जवळजवळ ६४ टक्के कुत्र्यांचा परिणाम यशस्वी ठरला. म्हणजे शस्त्रक्रिया सरस ठरली, पण वजन आणि व्यायाम यांनीही पुष्कळ काम केले. जे कुटुंब शस्त्रक्रिया करू शकत नाही त्याला ‘आता काहीच होणार नाही’ असे सांगणे मला म्हणूनच पटत नाही. सांध्याची झीज कोणत्याही पद्धतीने पूर्ण थांबत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे.

एक पुरवणी: स्पिट्झ, पॉमेरेनियन अशा लहान जातींत गुडघ्याची वाटी आतल्या बाजूला सरकण्याचा दोष फार आढळतो. दोन पावले पाय उचलून उड्या मारत चालणे आणि मग काहीच न झाल्यासारखे पळणे, ही त्याची खूण आहे. काही कुत्र्यांत दोन्ही दोष एकत्र असतात.

प्रतिसाद: तिसरा मजला (ठाणे)

आमच्या रॉटवायलरची टीपीएलओ झाली आहे, म्हणून शस्त्रक्रियेनंतरचे थोडे लिहितो, कारण ते आम्हाला आधी कोणी नीट सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवशीच तो पाय टेकू लागला आणि खरी अडचण तिथून सुरू झाली. दुखणे कमी झालेल्या कुत्र्याला आपले हाड अजून जुळलेले नाही हे कळत नाही. हाड जुळायला साधारण आठ आठवडे लागतात आणि तोवर उडी, पळणे, जिना, दुसऱ्या कुत्र्याशी मस्ती, सारे बंद. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. त्याच्या पोटाखालून जाड चादर घेऊन मागचा भार दोघांनी उचलत जिना उतरवावा लागे. शस्त्रक्रियेपूर्वीच एखादी तळमजल्याची सोय पाहून ठेवा. घरात गुळगुळीत फरशी असेल तर दारापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत रबरी चटया अंथरा, पंजांमधले केस कापा, नखे कमी करा. गळ्यातली प्लास्टिकची कॉलर त्याच्या केविलवाण्या चेहऱ्याकडे पाहून काढू नका. टाके चाटल्याने जखम चिघळली तर जंतू प्लेटपर्यंत पोचतात, आणि मग हाड जुळल्यावर प्लेट काढावी लागू शकते.

पट्ट्याने हळू चालवण्याला मात्र पर्याय नाही. वेगात चालवले की कुत्रा तीन पायांवर पळतो. अगदी संथ चालवले तरच चौथा पाय टेकतो.

प्रतिसाद: मनीमाऊ

विषय कुत्र्याचा आहे, तरी विचारते. आमची मांजर चौथ्या मजल्याच्या सज्जातून पडली. तिचा मागचा गुडघा बाजूलाही लचकतो. तिच्यासाठीही हीच शस्त्रक्रिया असते का?

प्रतिसाद: बोका-वैद्य

मी मुख्यतः मांजरे तपासते, म्हणून याचे उत्तर मी देते.

मांजरात फक्त पुढचा क्रूशिएट अस्थिबंध तुटणे कुत्र्याच्या मानाने कमी आढळते, आणि तसे झाल्यास चार ते सहा आठवडे मोठ्या पिंजऱ्यात ठेवून अनेक मांजरी चांगल्या चालू लागतात. शल्यचिकित्सकांत याबाबत मतभेद आहेत, पण प्रथम विश्रांती देऊन पाहणे अनेकांना मान्य आहे. आपल्या मांजरीचा गुडघा बाजूला लचकतो, याचा अर्थ वेगळा आहे. उंचावरून पडल्यावर दोन्ही क्रूशिएट, बाजूचा अस्थिबंध आणि मेनिस्कस असे बरेच काही एकदम फाटलेले असू शकते, आणि असा गुडघा केवळ विश्रांतीने सहसा स्थिर होत नाही. तिथे टीपीएलओचा विचार आधी येत नाही. हाडात स्क्रू बसवून त्यांना जाड धाग्याने बांधत बाजूचे अस्थिबंध पुन्हा उभे करतात, किंवा काही आठवडे सांध्यातून पिन घालून तो स्थिर ठेवतात.

परंतु त्याआधी छाती. पडलेल्या मांजरीत फुप्फुसाला मार, छातीत हवा साठणे, टाळू चिरणे, मूत्राशय फुटणे हे सर्व शक्य असते आणि जिवाला धोका त्यानेच होतो. श्वास धापेचा असेल तर गुडघ्याचा विषय बाजूला ठेवून आजच दवाखाना गाठा. पडझड न होता एखाद्या वयस्क, लठ्ठ मांजरीचा अस्थिबंध तुटला, तर भूल देण्यापूर्वी हृदयाची सोनोग्राफी करून घ्यावी, कारण मांजरात हृदयाचे स्नायू जाड होण्याचा आजार बाहेरून काहीही न दिसता असू शकतो.

आणि घरातली पॅरासिटामॉल मांजरीला कधीही देऊ नये. तिच्या यकृताला ते औषध निकामी करता येत नाही आणि एका गोळीनेही मांजर दगावू शकते.

प्रतिसाद: गोदाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल सांगितल्याप्रमाणे मागून दोन्ही हात लावून पाहिले. उजवी मांडी स्पष्टपणे बारीक आहे आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला कठीण उंचवटा लागतो. टीपीएलओ करून घ्यावी असे आमचे ठरत आले आहे. पुण्याला जाण्यापूर्वी येथे काय करून घ्यावे? स्टेरॉइडचे इंजेक्शन झाले होते, त्याचा काही संबंध येतो का?

प्रतिसाद: पशुशल्य

येतो. स्टेरॉइड आणि दाहशामक वेदनानाशक एकत्र किंवा लागोपाठ दिल्यास जठरात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो. कोणते इंजेक्शन, किती तारखेला, याची चिठ्ठी मागून घ्या आणि सोबत न्या. काही स्टेरॉइडचा परिणाम आठवडे टिकतो. दरम्यान घरातली डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन देऊ नका.

रक्ततपासणी नाशिकलाच करून घ्या आणि प्लेटलेटचा आकडा पाहा. आपल्याकडे पावसाळ्यात गोचीड फार, आणि गोचीड तापात प्लेटलेट घसरतात. अशा कुत्र्याला टेबलावर घेतले तर रक्त थांबत नाही. त्याच तापाने सांधेही दुखतात. तेव्हा बहुधा एकाहून अधिक पाय धरतात. आकडा कमी आला तर आधी तापावर उपचार, शस्त्रक्रिया नंतर. यकृत व मूत्रपिंडाच्या चाचण्या त्याच रक्तात होतात. त्वचेवर खरूज, फोड किंवा कानात पू असेल तर तेही आधी बरे करून घ्या, कारण तिथले जंतू जखमेत येतात.

एक्स-रेची मूळ डिजिटल फाइल मागा, मोबाइलवर काढलेला फोटो मोजमापाला चालत नाही. कोन मोजण्यासाठी गुडघा आणि घोटा दोन्ही काटकोनात ठेवून, दोन्ही सांधे एकाच चित्रात येतील असा बाजूचा एक्स-रे लागतो. तो नसेल तर पुण्यात गुंगी देऊन पुन्हा काढतील.

खर्चाची अडचण झालीच, तर शिरवळ आणि परळ येथील शासकीय पशुवैद्यक महाविद्यालयांच्या शल्यचिकित्सा विभागांत विचारून पाहा. टीपीएलओची सोय त्या वेळी आहे का, हे फोन करून खात्री केल्याशिवाय मात्र प्रवास करू नका.

राहिले वजन. लॅब्राडॉर मादीला ३८ किलो बहुधा जास्तच आहेत. बरगड्या न दाबता हाताला लागल्या पाहिजेत आणि वरून पाहिल्यास कंबर दिसली पाहिजे. चहाबरोबरची बिस्किटे, रात्रीची उरलेली पोळी आणि दूधभात आजपासून बंद करा, खाणे वाटीने मोजून द्या आणि दर पंधरा दिवसांनी वजन करा. शस्त्रक्रियेच्या तारखेपर्यंत एक-दोन किलो उतरले तरी उजव्या पायाला आराम पडेल आणि सध्या सगळा भार घेणाऱ्या डाव्या गुडघ्यालाही.